बारा डाव

परीक्षकांनी रेश्माला जोडीदार निवडायला सांगितलं. ज्युदोची प्रशिक्षक व्हायचं तर जोडीदाराला बारा वेगवेगळ्या डावांनी आपटून दाखवावं लागतं. तिच्या मैत्रिणी पट्टे आवळून मॅटच्या कडेला तयारच होत्या. तिने बोट केलं ते खुर्चीत बसलेल्या जगदाळे सरांकडे, तिच्या गुरूंकडे.

"मी कशाला?" सर हसले.

"नियमात कुणीही चालतं," परीक्षक म्हणाले.

नऊ वर्षं सरांनी प्रत्येक डाव तिच्यावरच करून दाखवला होता. "ये गं, तू हलकी आहेस." मुलगे ते बघून शिकले, प्रशिक्षक झाले, ही आपली आपटून घेत राहिली. तिच्या खांद्याचं हाड मोडलं तेव्हा सर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "शिकवणं तुझं काम नाही. पडणं तेवढं झकास जमतं तुला." तेव्हापासून तिने डूख धरला होता.

सर मॅटवर आले तशी तिने त्यांची कॉलर धरली, गर्रकन वळली आणि त्यांना पाठीवर घेतलं. त्यांचे पाय सुटले तसं तिला कळलं, इतकी वर्षं दुसऱ्यांना पाडणारा हा माणूस स्वतः पडायचं कसं तेच विसरलाय. मान ताठ, डोळे गच्च मिटलेले.

हात सोडला असता तर मानच मोडली असती. तिने सोडला नाही. तान्ह्या बाळाला निजवावं तसं सरांना अलगद मॅटवर ठेवलं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा अख्खा हॉल त्यांच्याकडे बघत होता.

"उठा सर, तुम्ही हलके आहात," रेश्मा म्हणाली. "अजून अकरा राहिलेत."