पाखऱ्याचा कोपरा

यंत्रावरचा आकडा झपकन खाली आला आणि श्रेयाची कळी खुलली. डीसी विजेच्या नव्या लाइनसाठी भुईत इलेक्ट्रोड पुरायचा होता. त्यासाठी वीज सहज जिरवून घेणारी, म्हणजे यंत्रावर कमी आकडा दाखवणारी माती शोधत ती सकाळपासून वरकुट्याच्या उन्हात लोखंडी सळ्या ठोकत होती. सगळं रान कोरडं ठणठणीत निघालं. गोठ्यामागच्या या कोपऱ्यानं मात्र तिची लाज राखली.

रानाचे मालक भीमातात्या. कुठंही खणा, असं सकाळी ऐटीत सांगून बसले होते. आता इथंच मोठा खड्डा घ्यावा लागेल, असं श्रेया म्हणाली, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. दिलेला शब्द फिरवायची सवय नसलेला माणूस, जीभ उचलेना.

"दुसरीकडं न्हाय का व्हनार, ताई?"

का, म्हणून श्रेयानं विचारलं. उत्तर गोठ्याच्या दारातून त्यांच्या बायकोनं, कौसल्याकाकूंनी दिलं.

"आमचा पाखऱ्या हाय तितं."

पाखऱ्या म्हणजे त्यांचा बैल. म्हातारा होऊन दावणीलाच गेला. रीतीप्रमाणे खड्ड्यात पोतंभर मीठ घालून त्याला इथं पुरला. रानातून आला की तो आधी पाणी मागायचा, म्हणून काकू अजून रोज संध्याकाळी तिथं बादली ओततात. हे सांगताना तात्या दुसरीकडेच बघत होते.

मीठ आणि पाणी! श्रेयानं कपाळावर हात मारला. वीज जिरत होती ती खारट ओलीमुळं; हा गुण मातीचा नव्हताच. मीठ विरलं की हा कोपराही बाकीच्या रानासारखाच होणार. ही जागा आमच्या कामाची नाही, असं तिनं सांगून टाकलं. सकाळची सगळी मेहनत वाया गेली होती, तरी तिला हायसं वाटलं.

तात्यांनी यंत्राकडं बोट केलं.

"म्हंजी, ह्या मशिनीला त्यो गावला?"

श्रेयानं यंत्रावरचा आकडा पुन्हा पाहिला. "हो तात्या. सापडला."

"आमाला वाटलं, आता त्याचं काय ऱ्हायलं नसंल."

श्रेयानं सळ्या उपटल्या. तात्या खाली बसले. एकेका भोकात त्यांनी हातानं माती लोटली आणि बैलाच्या पाठीवर द्यावी तशी वरून हलकी थाप दिली. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता, पण कौसल्याकाकू बादली भरायला निघाल्या होत्या.