कोरडा केक

हे मी लिहिणारच नव्हतो. यात डॅरिलची लाज निघते, आणि डॅरिल अजून आमच्याच टोळीत मेंढ्या कातरतो. पण परवा तोच म्हणाला, लिही. म्हणून लिहितोय.

दुपारी तीनला शेडमधल्या कातरायच्या मशिनी चहासाठी थांबल्या. साठ-सत्तर मेंढ्या उरलेल्या, संध्याकाळी हंगाम संपणार. डॅरिलने हाताचा लोकरीचा तेलकटपणा चड्डीला पुसला, घसा खाकरला आणि एक जोक टाकला. पाद्री आणि त्याचा कुत्रा. सकाळी हिलस्टन गावाहून येताना चाळीस किलोमीटर गाडीत एकट्याने घोकलेला. एक जण "हं" म्हणाला. तेही बहुतेक चहा गरम होता म्हणून.

तेवढ्यात मालकीणबाई, ग्लेंडा, केक घेऊन आली. पहिला तुकडा आमच्या टोळीतल्या नेव्हच्या हातावर ठेवला.

"काय नेव्ह, कसा झालाय?"

नेव्हने घास नीट संपवला. विचार केला. "कोरडा. मागच्या वर्षी होता तसाच."

शेडभर हशा फुटला. बॅझ, आमचा ठेकेदार, मांडी बडवायला लागला. ग्लेंडा स्वतःच डोळे पुसत होती. "मेल्या, जीभ आहे का कातर!"

"आणि चेहरा बघा त्याचा, चेहरा! एक रेष हलत नाही!" बॅझ म्हणाला. "ठरलं. आज गठ्ठ्यावर नेव्ह! एकेकाची सोलून काढ लेका!"

शेवटची मेंढी मोकळी सुटली की एकाने लोकरीच्या गठ्ठ्यावर उभं राहायचं आणि सगळ्या टोळीची खेचायची, अशी आमच्याकडे रीत. मान असतो तो. आठ वर्षं डॅरिल त्यासाठी तयारीत होता. प्रत्येकावर एकेक जोक पाठ करून.

डॅरिल नुसता जळत होता. हा काही करत नाही, राव. मी घोकून घोकून मरतो आणि हा नुसतं तोंड उघडतो. त्यात नेव्ह त्याचा जिवाभावाचा मित्र. परक्याचं एवढं लागत नाही.

त्याने नेव्हकडे रागाने पाहिलं. तर नेव्ह हसत नव्हताच. त्याने गळ्यातलं मोठं कानझाकण वर ओढून कान बंद केले होते.

मशीन बंद असताना कोण कान झाकतं?

जाय झाकतो. डॅरिलचा पोरगा, सहा वर्षांचा. रविवारीच डॅरिलने आणि बायकोने त्याच्या वागण्याबद्दल डॉक्टरांनी दिलेला प्रश्नांचा कागद भरला होता. आवाजाने कान झाकतो का? हो. बोललेलं शब्दाला शब्द धरतो का? हो. ठरलेलं बदललं की बिथरतो का? हो. आणि नेव्हचा कपही कायम तिसऱ्या खिळ्याला. मागे कुणीतरी मुद्दाम हलवला, तर गडी दिवसभर चहाच प्याला नाही. तेव्हाही सगळे हसले होते.

डॅरिल केक हातात धरून तसाच बसला. हा जोक करतच नाहीये. कधी करतच नव्हता. केक कोरडा आहे.

आणि खरं सांगतो, त्यानेच कबूल केलंय, आधी त्याला आनंद झाला. बॅझला एक वाक्य सांगायचा अवकाश, गठ्ठा आपला.

नेव्ह बाहेर गेला होता. पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा राहून छोट्या वहीत काहीतरी लिहीत होता.

"काय लिहितोस रे?"

नेव्हने वही पुढे केली. 'केक कोरडा म्हणालो. सगळे हसले. का?' डॅरिलने पान उलटलं. मागचं पण उलटलं. वर्षानुवर्षांच्या तारखा. सगळे हसले. का? सगळे हसले. का?

"कुणाला विचारलं नाहीस?"

"तुला विचारणार होतो. तू एकटाच हसत नाहीस." नेव्ह टाकीकडे बघत बोलत होता. "सगळे हसतात तेव्हा मी तुझ्याकडे बघतो. बरं वाटतं."

डॅरिलने वही मिटली, पण परत दिली नाही.

"आमच्या पोराचं पण थोडंफार असंच आहे," तो म्हणाला. "घरी एक कागद आहे. येत्या रविवारी ये, वाच. मला काही फार कळत नाही त्यातलं. तुला पटलं तर बघू."

"किती वाजता?"

"दहा."

नेव्हने वही घेतली आणि दहा लिहिलं. मग म्हणाला, "मला गठ्ठ्यावर चढायचं नाहीये. तू चढ."

आठ वर्षं. डॅरिलने खोटं खोटंसुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. "चढतो. हसतील का रे?"

"बहुतेक नाही," नेव्ह म्हणाला. "तू आधी घसा खाकरतोस. सगळ्यांना कळतं, आता जोक येणार."

डॅरिलला असं हसू फुटलं की टाकीला हात टेकावा लागला. नेव्हच्या बोलण्यावर तो आयुष्यात पहिल्यांदा हसत होता. नेव्हने घड्याळ बघितलं. लिहिलं, '३:२०. डॅरिल हसला. का?' आणि पेन तसंच धरून त्याच्याकडे बघत राहिला.

"सांगतो," डॅरिल म्हणाला. "हे सांगतो, मागची पानं पण सांगतो. आणि इथून पुढे कोण का हसलं ते दर वेळी सांगत जाईन. जळत असलो तरी सांगेन. शब्द आहे माझा."