दोन डिस्कवरचा आवाज

“चालत होतं ना? मग हात कशाला लावलास?” धाकट्याने चौथ्यांदा विचारलं. थोरली बहीण टेबलाखाली गुडघ्यांवर बसून उघड्या कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून होती. वर स्क्रीनवर पुन्हा तीच पांढरी ओळ उमटली. सुरू करायला डिस्क सापडत नाही.

हात लावला, कारण जुनी डिस्क आठवडाभर कटकट करत होती. ती कधीही बसली असती आणि तिच्याबरोबर आईचा आवाज गेला असता. घशाच्या ऑपरेशनआधी आईने दीड महिना बसून हजारो वाक्यं रेकॉर्ड केली होती. आता ती टाइप करायची आणि कॉम्प्युटर तिच्याच आवाजात बोलायचा. तो प्रोग्राम या बारा वर्षांच्या डब्याशिवाय कुठेच चालत नव्हता. बनवणाऱ्यांनी दुकान केव्हाच गुंडाळलं होतं. म्हणून थोरलीने दोन नव्या एसएसडी डिस्क आणून ‘रेड’ पद्धतीने एकमेकींना जोडल्या. दोन्हींवर सारखंच लिहिलं जाणार, एक गेली तरी दुसरी शाबूत. सगळं त्यांच्यावर उतरवून झालं आणि जुन्या डिस्कने मान टाकली. मग कळलं, की कॉम्प्युटरचा हा म्हातारा मदरबोर्ड सुरू होताना या जोडीला ओळखतच नाही.

फोनवर हे ऐकून धाकटा तासाभरात गाडी हाणत आला होता. आता येरझाऱ्या घालता घालता त्याने ठरवूनच टाकलं. हे भंगार फेकायचं. आईला आपल्याकडे न्यायचं. टॅबलेट घ्यायचा, त्यात तयार आवाज मिळतात, बायकांचेसुद्धा.

थोरली तावातावाने टेबलाखालून बाहेर आली. आईच्या गळ्यातली नळी रोज कोण साफ करतं, तिने विचारलं. रविवारी फोनवर आवाज ऐकला की मुलाचं कर्तव्य संपलं का?

“तू आईची वाचा घालवलीस, ताई.”

त्यानंतर दोघांनी काही बाकी ठेवलं नाही. घर कोण सोडून गेलं, मागे कोण अडकलं, वडिलांच्या आजारपणात कोण किती जागलं, सगळं उकरून झालं. आई खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर कीबोर्ड घेऊन बसली होती. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

रागारागातच थोरलीने शेवटचा उपाय केला. सुरुवातीपुरता लागणारा भाग तिने लॅपटॉपवरून एका पेन ड्राइव्हवर उतरवला. बोर्ड पेन ड्राइव्हला ओळखत होता. पेन ड्राइव्हने कॉम्प्युटर जागा करायचा आणि पुढचं काम जोडीकडे सोपवायचं. तिने बटण दाबलं. स्क्रीन बराच वेळ काळी राहिली. मग ओळी सरसर धावल्या आणि आईचा प्रोग्राम उघडला.

दोघं एकदम आईकडे वळले. आता तूच सांग, असं दोघंही म्हणाले. आई आपलीच बाजू घेणार याची दोघांनाही खात्री होती. आईची बोटं कीबोर्डवर दणादण आपटू लागली.

“दोघंही तोंड बंद करा. मी अजून मेले नाही. मला न विचारता माझं काही ठरवायचं नाही.”

रेकॉर्डिंग करणाऱ्याने त्या वेळी बजावलं होतं, की प्रत्येक वाक्य एकसारखं, शांतपणे वाचा. त्यामुळे स्पीकरमधून हे शब्द आले ते झोपलेल्या बाळाला पांघरूण घालावं तसे, हलक्या हाताने.

थोरलीने डोळे मिटले. आवाज वाचला होता. धाकट्याचाही चेहरा सैलावला.

“बघ, आई किती शांत आहे,” तो म्हणाला. “आकांडतांडव तुझंच चाललंय.”

आईने कीबोर्ड मांडीवरून ढकलून दिला. तो खाली आदळला. थोरलीच्या कानामागची पेन्सिल तिने ओढून घेतली आणि हाताला लागलेल्या पुठ्ठ्यावर लिहायला लागली. अक्षरं इतकी दाबून लिहिली, की पुठ्ठा मध्येच फाटला. मग तिने तो दोघांच्या तोंडासमोर धरला.

‘यात मला ओरडता येत नाही.’