दुपारनंतरचा पाय

"झोपू नकोस, मित्सुए. ऊठ, अजून एक फेरी मार."

"आई, पाय वळतोय गं."

"वळू दे. आज वळायलाच हवा."

दवाखान्याच्या लांब ओसरीत सहा वर्षांची मित्सुए भिंत धरून चालत होती. डावं पाऊल आत वळलं होतं, टाच जमिनीला टेकत नव्हती. बाकावरून फुजिनो ते पाहत होती आणि तिला बरं वाटत होतं. पोरीचा पाय वाकडा झालेला पाहून आईला बरं वाटावं, अशी वेळ आली होती.

याआधी तीनदा ती मुलीला पाठीशी बांधून डोंगर उतरली होती. पोर पाठीवर झोपायची. झोप झाली की पाय सरळ. डॉक्टरांपुढे ती टुणटुण उड्या मारायची. "सोंग आहे. लाड कमी करा," ते म्हणायचे. घरी सासू टोचायची, "सकाळी नाचते आणि संध्याकाळी भांडी घासायला बोलावलं की लंगडी! आता एकदाच जा. पुन्हा दवाखान्याचं नाव काढशील तर बघ."

म्हणून आज फुजिनोने तिला पाठीवर घेतलं नाही. अख्खा डोंगर चालवलं. भाताचा गोळाही उभ्यानेच भरवला. मात्सुमोतो शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये डोळा लागला की चिमटा काढला.

दुपार कलली. डॉक्टर अजून जेवून आले नव्हते. मित्सुए दमून आईला टेकली. रेशमाच्या किड्यांचा हंगाम होता. रात्रभर तुतीचा पाला घालून फुजिनोचेही डोळे जड झाले होते. तिने क्षणभर भिंतीला मान टेकवली.

नाव पुकारलं तेव्हा ती दचकून जागी झाली. उन्हं भिंतीवर वर चढली होती. मांडीवर मित्सुए गाढ झोपली होती.

हलवल्यावर ती उठली. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट पडली. सरळ चालत ती दारापर्यंत गेली आणि तिने वळून पाहिलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पोरीला ते कळलं. उंबऱ्यावर ती थांबली, तिने ओठ चावला, एक पाऊल आत वळवलं आणि लंगडत आत शिरली.

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. "कोणता पाय म्हणालात?"

"डावा," फुजिनो म्हणाली.

मित्सुए उजव्या पायाने लंगडत होती.