खरी गोळी

नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "मुलांचा मधुमेह नवा आहे, तोवर त्यांच्या अंगात थोडं इन्सुलिन बनतंय. ते या गोळीनं टिकतं का, बघायचंय. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कोणती, हे मलाही ठाऊक नाही."

डॉक्टरालाच ठाऊक न्हाई? चांगुणाबाईच्या गळी ते उतरेना. शेजारी बसलेल्या स्टेलाबाई शिक्षिका, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणाऱ्या. त्यांच्या मुलाला, जॉनला खरी आणि आपल्या लेकीला, सीमाला खोटी, हे तिनं तिथंच ताडलं. स्टेलाबाई पाणी प्यायला उठल्या, तशी तिनं दोघींना मिळालेल्या गोळ्यांच्या डब्यांची गुपचूप अदलाबदल केली.

पण महिनाभर सीमाला गोळी देताना तिला जॉनच दिसायचा. पुढच्या खेपेला नव्या डब्या मिळाल्या, तेव्हा तिला राहवेना. "बाई, मागं म्या तुमची डबी बदलली."

स्टेलाबाई खाली बघत म्हणाल्या, "त्याच दिवशी तुम्ही सीमाला रक्त तपासायला आत नेलंत, तेव्हा मीही बदलली होती."

ही तरी खरं बोलतीय का, याचा चांगुणाबाईला भरवसा वाटेना. तिनं दोन्ही नव्या डब्या पदरात ओतल्या, गोळ्या कालवल्या आणि निम्म्या स्टेलाबाईंच्या ओंजळीत टाकल्या. आता कुणाला कोणती, हे खरंच कुणालाच ठाऊक नव्हतं.