मोठी टाकी

समुद्रातला नवा मासा आणला की सासरे त्याला चाळीस दिवस वेगळ्या टाकीत ठेवत. त्याची जाळी वेगळी, बादली वेगळी. न जाणो, बाहेरचा रोग घरच्या माशांना लागायचा. एकेचाळिसाव्या दिवशी त्यांनी या वेळचा नवा पिवळा मासा मोठ्या टाकीत सोडला आणि आठवड्याभरात त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले.

ॲक्वेरियमवाला बघायला आला, तेव्हा माझे बाबाही तिथेच बसले होते. लग्नानंतरच्या सहा महिन्यांत मी अर्धी झाले होते, आणि ‘तुमची मुलगी इथे रुळत नाही’ हे ऐकवायला सासूबाईंनी त्यांना बोलावून घेतलं होतं.

ॲक्वेरियमवाला बराच वेळ काचेला डोळे लावून होता. “काका, हा आला तेव्हा धडधाकटच होता. रोग तुमच्या मोठ्या टाकीत आहे. जुन्यांना तो पचतो, नव्याचा जीव घेतो.”

“मग आता काय करू?”

“जिवंत आहे तोवर बाहेर काढा.”

सासरे जाळी हातात धरून तसेच उभे राहिले. मग सासूबाईंकडे न बघता बाबांना म्हणाले, “व्याही, पोरीला आजच घेऊन जा.”