आठवडा तरी लागेल ना?

आईच्या ऑपरेशनसाठी रजा मागून मागून तिचं तोंड दुखलं. साहेबांचं आपलं एकच पालुपद, "अहो, दवाखान्यात बसून करा की काम! लॅपटॉप कशाला दिलाय?"

शेवटी तिने देवाचं नाव घेतलं, कॉफीचा भरलेला मग कीबोर्डवर उपडा केला आणि चेहरा पाडून ऑफिसच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेली.

त्याने लॅपटॉप उलटा धरला. कॉफी टपटप गळली. तो गालातल्या गालात हसला. "तुमच्या जागेवर आधी होत्या ना, त्या ताईंनी सरबत सांडलं होतं."

"आठवडा तरी लागेल ना?"

"सहज लागेल."

तिच्या जिवात जीव आला.

त्याने खालचा खण उघडला. "म्हणून तर साहेबांनी दुसरा लॅपटॉप माझ्याकडेच ठेवलाय. घ्या, चार्जसुद्धा केलाय."